४.३ सामाईक भिंत आणि मागची गल्ली : हार्लेममधील रो-हाऊस

वाड्याला उजेड आणि वारा चौकातून मिळतो. रो-हाऊसला चौक नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात. प्रकाश येतो तो केवळ पुढून आणि मागून. म्हणूनच हे घर अरुंद, लांब आणि उंच होते.

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये अशा घरांच्या रांगाच उभ्या राहिल्या. तेथे २५ फूट रुंद व १०० फूट लांब भूखंड रूढ होता. महागड्या जमिनीमुळे अनेक घरे त्याहूनही अरुंद बांधली गेली. विटांच्या भिंतीवर तपकिरी वालुकाश्माचा पातळ थर चढवीत. दगडी वाटणारे घर प्रत्यक्षात विटांचेच असे, आणि काही दशकांत त्या दगडाचे पापुद्रे सुटू लागत! दारापुढे उंच पायऱ्या असत. घरची मंडळी व पाहुणे त्या चढून दिवाणखान्यात जात. नोकरांचे आणि स्वयंपाकघराचे दार पायऱ्यांच्या खाली असे. कोणी कोठून आत यावे, हे वास्तूच ठरवीत असे.

हार्लेममध्ये १३८ व १३९ क्रमांकांच्या रस्त्यांवर १८९१ पासून बांधलेली घरे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा चौथरा बांधणारे डेव्हिड किंग हे त्यांचे बांधकाम व्यावसायिक. ब्रूस प्राइस, जेम्स ब्राउन लॉर्ड आणि स्टॅनफर्ड व्हाइट यांची भागीदारी संस्था अशा तिघांकडे आराखड्यांचे काम सोपविले गेले. घरांच्या मागे गल्ली ठेवणे हे येथील वैशिष्ट्य. न्यूयॉर्कमध्ये ही सोय दुर्मीळ. मालाची ने-आण मागूनच होई. घोडे पळवू नयेत, चालवीत न्यावेत, अशी सूचना गल्लीच्या तोंडाशी आजही वाचता येते.

घरे श्रीमंत गोऱ्या कुटुंबांसाठी होती. मात्र १८९३ मध्ये आर्थिक अरिष्ट आले, ग्राहक आटले आणि कर्ज देणाऱ्या विमा कंपनीकडे बहुतेक घरांचा ताबा गेला. पुढे हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती वाढली, तरी कंपनी त्यांना घरे विकण्यास तयार नव्हती. घरे रिकामी राहिली तरी चालतील, पण कृष्णवर्णीय मालक नको, असा हा व्यवहार होता. त्याला व्यापारी हिशेब म्हणणे कठीण आहे. १९१९ च्या सुमारास अखेर विक्री खुली झाली. डॉक्टर, वकील, संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी, वास्तुविशारद व्हर्टनर टँडी अशी मंडळी येथे राहू लागली. या रांगेला ‘स्ट्रायव्हर्स रो’, म्हणजे वर येण्यासाठी धडपडणाऱ्यांची आळी, असे नाव पडले. त्यात कौतुक होते, तशी थोडी थट्टाही. १९६७ मध्ये शहराने या परिसराला ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा दिला.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिसरातील एखादे जुने घर पाहा. मालक, पाहुणे आणि कामाची माणसे तेथे कोणत्या वाटेने ये-जा करीत, हे घरातील वृद्धांना विचारून १०० शब्दांत लिहा.