रंगात माखलेले हात : बालशिक्षणाचा पहिला धडा

देवळाली कॅम्प हे नाव उच्चारताच निरोगी हवा, लष्करी छावणी आणि तोफखान्याचे प्रशिक्षण डोळ्यांसमोर येते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून बदलीवर आलेल्या जवानांची कुटुंबे येथे राहतात. शेजारी भगूर, संसरी यांसारखी शेतीची जुनी गावे आहेत. अशा परिसरातील बालवाडीत पंजाबी, तमिळ आणि मराठी बोलणारी मुले एकाच चटईवर बसू शकतात. ज्या मुलाला बाईंची भाषा अजून उमगत नाही, त्याच्या हाती पाटी-पेन्सिल देऊन काय साधणार? त्याच्यापुढे रंगाची वाटी ठेवली, तर मात्र भाषेवाचून त्याचे शिक्षण सुरू होते.

हाताचे शिक्षण

तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडे पुरती पक्की झालेली नसतात. बोटांच्या स्नायूंनाही वळण लागायचे असते. या वयात अक्षरे गिरवण्याची सक्ती केल्यास हात दुखतो आणि मनही विटते. रंगात बोटे बुडवून रेघा ओढणे, तळव्याने रंग पसरणे, ठसे उमटवणे यांतून तेच स्नायू आनंदाने तयार होतात. शिवाय गार-कोमट, घट्ट-पातळ, खरखरीत-गुळगुळीत हे भेद मूल स्पर्शाने शिकते. आधी रेघोट्यांचा गुंता, मग बंद वर्तुळ, मग त्या वर्तुळाला हातपाय फुटून झालेला माणूस, असा हा प्रवास असतो. त्यात मोठ्यांनी चित्र 'सुधारून' देण्याची गरज नसते.

ही कल्पना परकी नाही. 1930 च्या सुमारास रूथ फेसन शॉ या अमेरिकन शिक्षिकेने रोम येथील आपल्या शाळेत बोटांनी रंगविण्याची पद्धत रूढ केली हे खरे. परंतु पोळ्याला बैलाच्या पाठीवर गेरूचे ठसे उमटविणारा शेतकरी आणि तांदळाच्या पिठाने भिंत सजविणाऱ्या वारली स्त्रिया हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत.

कोसबाडचा वारसा

महाराष्ट्राला या बाबतीत थोर परंपरा लाभली आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत हे कार्य वाढविले. महागडी साधने परवडणार नाहीत, हे ओळखून या दोघींनी बिया, खडे, शिंपले, पाने यांनाच शैक्षणिक साधने बनविले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या त्यांच्या विचारातून 'अंगणवाडी' हा शब्द रुजला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो देशभर पोहोचला. घरी केलेला रंग हा त्याच वारशाचा भाग ठरतो.

रंग कसा करावा

एक वाटी कणीक किंवा मैदा चार वाट्या गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा. त्यात चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ढवळत राहावे. दाट खळ झाली की उतरवून पूर्ण निवू द्यावी. पिवळ्यासाठी हळद, गुलाबीसाठी बिटाचा रस, हिरव्यासाठी वाटलेल्या पालकाचा गाळलेला रस मिसळावा. हळदीच्या खळीत शिक्षिकेने चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, तर पिवळा रंग तांबूस होतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. विज्ञानाचा हा पहिला पाठ मुले सहसा विसरत नाहीत.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. रंग त्याच दिवशी संपवावा. उरलेला टाकून द्यावा. पीठ कच्चे वापरू नये. गव्हाचे वावडे असलेल्या मुलासाठी तांदळाच्या पिठाची खळ करावी. सुट्या हळदीत शिशाचे क्रोमेट मिसळल्याची उदाहरणे आढळली आहेत. म्हणून हळकुंडे आणून दळलेली हळद बरी. हळदीला लाली आणण्यासाठी चुना वापरू नये. तो डोळ्यांना अपाय करतो. गेरू खनिज असल्याने तोंडात बोटे घालणाऱ्या मुलांना देऊ नये. भिंतीच्या तैलरंगाचे जुने डबे तर मुलांपासून दूरच ठेवावेत. 2016 च्या केंद्रीय नियमांनी घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत 90 भाग अशी मर्यादा घातली. त्यापूर्वीच्या रंगांची शाश्वती नाही.

अडचण रंगाची नाही, धास्तीची

साहित्य स्वस्त आहे, कृती सोपी आहे. तरीही अनेक ठिकाणी हा खेळ होत नाही, कारण शिक्षिकेला धास्ती असते. कपडे मळले म्हणून पालक रागावतील, फरशी डागाळली म्हणून तपासणीत शेरा बसेल, असे तिला वाटते. ही धास्ती दूर करणे तिच्या एकटीच्या हाती नाही. पालकसभेत आईवडिलांना एकदा बोटे रंगात बुडवू द्यावीत. जुना सदरा पाठवायला सांगावे. ग्रामपंचायतीने अंगणवाडीपाशी पाण्याची सोय आणि अंगणात थोडी सावली करून द्यावी. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल, तर एका घमेल्यात हात धुऊन दुसऱ्यात खळबळले तरी भागते. जुनी वर्तमानपत्रे अंथरली की जमीनही वाचते.

तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यानेही आपली दृष्टी थोडी बदलावी. लखलखीत भिंती आणि हाताची घडी घालून बसलेली मुले पाहून समाधान मानण्याऐवजी मुलांचे हात पाहावेत. नखांच्या कडेला हळद उरली असेल, तर त्या बालवाडीत शिक्षण चालू आहे, अशी नोंद करण्यास हरकत नसावी.