येरवाळी म्हणजे किती वाजता?

पोरी, आंबेगावात शिकवायला चाललीस, तर दोन गोष्टी कानात घालून ठेवते. आपल्याकडची जुनी माणसं किती वाजले ते क्वचितच सांगतात. ‘येरवाळी या’ म्हणतात आणि कामाला लागतात. असं कुणी म्हटलं की नुसती मान हलवू नकोस, ‘कशाच्या आधी?’ ते विचार. येरवाळी म्हणजे लवकर खरं, पण पुढचं काम अडणार नाही इतकं लवकर. खुरपायला जायचं तर ऊन चढायच्या आत. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो न्यायचा तर गाडी भरून लिलावाआधी पोचेल अशा बेतानं. सकाळचाच शब्द समजू नकोस हा. उसाच्या पट्ट्यातली आई पोराला ‘सांच्याला येरवाळी घरी ये’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात बिबट्या असतो. दिवस मावळायच्या आत उसाकडेची वाट मागं पडली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. एखादी आई ‘आज येरवाळी सोडा, बाई’ म्हणाली तर कारण उकरत बसू नकोस. घर कोणत्या मळ्यात आहे ते विचार आणि तिकडच्या दोघातिघांना मिळून पाठव.

‘वाईच’ म्हणजे थोडंसं. मीठ वाईच घाल म्हटलं तर चिमूटभरच घाल. पण ‘वाईच बसा’ म्हणणाऱ्या घरात चहा झाल्याशिवाय उठायचं नसतं. तूही वापर हा शब्द. ‘वाईच इकडं येता का, आजी?’ म्हटलंस की हुकूम वाटत नाही.

‘परवा’चं मात्र जपून. गेलेला परवा की यायचा, ते क्रियापद पाहिल्याशिवाय कळत नाही. संस्कृतात ‘परश्वः’ म्हणजे फक्त येणारा परवा. मराठीनं त्याला दोन्हीकडं तोंड दिलं. ‘काल’चं तर त्याहून नवल. मुळात ‘कल्य’ म्हणजे पहाट, आणि उद्याही. प्राकृतात ‘कल्ल’ होऊन तो आपल्याकडं आला तो उलटा फिरून, सरलेल्या दिवसावर जाऊन बसला. मुलांना हे सांग, फार आवडतं त्यांना. पालकसभेच्या चिठ्ठीत मात्र ‘परवा’ लिहू नकोस, वार लिही.

शब्दाचं मूळ कुणी विचारलं तर अंदाजानं सांगू नये. ‘खूप’ आपलाच वाटतो, पण तो फारसीतल्या ‘खूब’चा, म्हणजे चांगलं. ‘जरा’ अरबीतून आला, मूळ अर्थ कण. ‘फक्त’ही तिकडचाच. मोल्सवर्थचा १८५७चा कोश, दाते-कर्व्यांचा शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश, यांतला एखादा तरी हाताशी असू दे. पण कोशात नाही म्हणून शब्द चुकीचा, असं कधी ठरवू नकोस. घोडेगावच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगरात, तुला असे पुष्कळ भेटतील.

मुलानं निबंधात ‘येरवाळी’ लिहिलं तर लाल शाईनं खोडू नकोस. माझं यावर फार ठाम मत आहे. शेजारी ‘लवकर’ लिही आणि दोन्ही त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घे. परीक्षेत कोणता लिहायचा ते त्याला आपोआप समजतं.

आणि म्हाताऱ्यांना ‘याचा अर्थ काय?’ असं समोर बसवून विचारू नये. ते लाजतात, नाहीतर शहरी शब्द सांगतात. हिरडा वाळत घालताना, दूध घालायला जाताना शेजारी राहा. शब्द आला की अख्खं वाक्य टिपून घे, कोण कुणाला म्हणालं आणि हातात काम काय होतं तेही.