उंबरा नको, उतारा हवा

दोन किलोमीटरवर राहून तुला चिठ्ठी लिहितेय, याचं हसू येईल तुला. पण वस्तीवर आले की वहिनी चहा घेऊन शेजारी बसते आणि फोन केला तर तो स्पीकरवर असतो. म्हणून शेजारच्या पोरीच्या हातून पाठवतेय. वाचून झाली की डब्यात ठेव, चुलीत घालू नकोस. पुन्हा लागेल.

दादा ज्या कागदावर सही मागतोय, "नुसतं नाव कमी करायचंय" म्हणतोय, ते हक्कसोडपत्र आहे. सही करू नकोस. भांडूही नकोस. "आत्याला दाखवते" एवढंच म्हण आणि कागद पिशवीत टाक. तुझे आजोबा गेले तेव्हा असाच कागद तुझ्या बापानं माझ्यापुढं ठेवला होता. माझा भाऊ काही वाईट नव्हता. लंगडी बहीण आपल्याजवळच राहायची, तिला वेगळी जागा कशाला, एवढाच त्याचा हिशेब. मी सही केली नाही. दोन दिवाळ्या तो बोलला नाही, तिसऱ्या भाऊबीजेला मात्र माझ्याच दोन खोल्यांत पाटावर बसला. आता तर कायदा तुझ्या बाजूनं आहे. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली साऱ्या देशानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिलाय. गावठाणातल्या जुन्या घराच्या पडवीएवढी जागा जरी तुझ्या नावावर लागली आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा तुझ्या हातात आला, तरी पुढचं सगळं सोपं. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागेसाठी एक लाखापर्यंत मिळतात. आपल्या केडगावात स्टेशनाजवळ तेवढ्यात काय येतं, ते विचारून बघ एकदा.

दुसरं काम रेशनकार्डाचं. आधी कागदावर वेगळी हो, चूल नंतर वेगळी कर. दादाच्या कार्डावर आहेस तोवर सरकारच्या लेखी तुला घर आहे, ट्रॅक्टर आहे, कमावता भाऊ आहे. उत्पन्नाच्या दाखल्यातही त्याची कमाई धरली जाते, आणि संजय गांधी निराधारला अपंगांची मर्यादा वर्षाला पन्नास हजारांची. एकट्या, आधार नसलेल्या अपंगाला अंत्योदय कार्ड मिळू शकतं, त्यावर महिन्याला ३५ किलो धान्य असतं. अर्ज दिलास की पोच घे. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. एका कार्यालयात माझा अर्ज तीनदा "आलाच नाही" निघाला. चौथ्या वेळी शिक्का मारलेली प्रत ठेवली तेव्हा टेबलाखालून तिन्ही निघाले.

घरकुलाचं गणित आता पुष्कळ बदललंय, म्हणून जुन्या माणसांचं ऐकून "आपल्याला नाही बसत" म्हणू नकोस. पूर्वी घरात दुचाकी किंवा फ्रिज असला की नाव कटायचं. ती अट २०२४ मध्ये गेली. तीनचाकी, चारचाकीची मात्र राहिली आहे. तुझ्या स्कूटरला जोडचाकं आहेत, पाहणीला येणारा माणूस घाईत तीनचाकी लिहून मोकळा होईल. आरसी बुक पुढं ठेव आणि तो काय लिहितो ते डोळ्यांनी बघ. घरकुलाच्या जुन्या यादीत, म्हणजे प्रपत्र ड मध्ये, आपलं नाव नव्हतं म्हणूनही बसून राहायचं नाही. २०२५ च्या पाहणीत मोबाइलवरून स्वतःची नोंद स्वतः करायची सोय होती. तुझी झाली का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचार. २०१६ च्या कायद्यानं घरांच्या योजनांत अपंगांना पाच टक्के राखीव आहेत, त्यातही बायकांना प्राधान्य. आणि त्या कोट्यातलं घर एकट्या अपंगाच्याच नावावर देता येतं. दादाचं नाव "सोबत" लावायची गरज नाही.

पैसे पुरत नाहीत, हे आधीच सांगते. आपल्याकडे सपाट भागाला एक लाख वीस हजार, संडासाचे बारा हजार, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०२५ पासून राज्यानं पन्नास हजार वाढवलेत, पण त्यातले पंधरा हजार छतावरच्या सौरसाठी, म्हणजे विटा-सिमेंटला पस्तीसच. पाच ब्रास वाळू फुकट. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात, पूर्वी तीन होते. यंदा ते कुठं गेले, हे ग्रामसभेत लेखी विचार. सगळ्यांसमोर विचारलं की आकडा सापडतो.

बांधकामावर कोण उभं राहणार, हे तुझं खरं दुखणं. घरकुलाला ठेकेदार लावायचा नाही असा नियम आहे. पण वृद्ध-अपंगांचं घर गवंडी प्रशिक्षणात घेता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शिकणारी पोरं बांधतात, वर शिकवणारा गवंडी असतो. तसा अर्ज दौंडला पंचायत समितीत दे.

आता नीट वाच, कारण हे कुठल्याच जीआरमध्ये माझ्यासारखं सांगितलेलं नसेल. आपली जमीन काळी, कालव्याच्या पाण्यानं फुगणारी. गवंडी जोतं दोन फूट उचलणारच आणि त्याचं बरोबर आहे. पण एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, दोन फुटांना चोवीस. सरळ काढलास तर रस्त्यात जाईल. भिंतीलगत काढ, मध्ये वळणाला सपाट टप्पा ठेव. पाया आखतानाच त्याची जागा सोड, नंतर कुणी सोडत नाही. उंबरा अजिबात नको. बायका म्हणतील, उंबऱ्याशिवाय घर कसलं, लक्ष्मी कुठून येणार? म्हणावं, चाकाच्या खुर्चीवरून आली तर? दार तीन फुटी. घर २६९ चौरस फुटांचंच असणार, पण त्यात भिंती कमी घाल. आणि संडासाचं दार बाहेर उघडणारं. माझं आत उघडायचं. ओल्या फरशीवर कुबडी सरकली, मी दाराला आडवी पडले आणि बाहेरच्यांना दार ढकलताच येईना. ढकलतील तसं ते माझ्याच बरगड्यांना लागत होतं. शेवटी सुतारानं बिजागऱ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच दार उलटं बसवून घेतलं.

संजय गांधी निराधारच्या पगाराचं थोडक्यात सांगते. अपंगांचे दीड हजार होते, ते ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार झालेत. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून आधार त्याच खात्याला जोडलेलं हवं. हयातीचा दाखला दरवर्षी दे. आपण जिवंत आहोत हे आपणच सांगायचं असतं. एटीएमचा पिन भाच्याला नको, कितीही गोड बोलला तरी.

आपल्याच गावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं आणि अंध मुलींना ब्रेल शिकवलं गेलं, त्याला शंभरावर वर्षं झाली. ज्यांना कुणी नाही त्यांना छप्पर हवं, ही गोष्ट केडगावाला नवीन नाही. पण तिथं राहायचं तर संस्थेची घंटा ऐकावी लागते, आणि तू सकाळी आठपर्यंत झोपणारी. तुला दिव्यांग म्हणोत, अपंग म्हणोत, माझी काही तक्रार नाही. उतारा तेवढा तुझ्या नावाचा निघू दे.

रविवारी ये, पिठलं करते. तो कागद, आधार, यूडीआयडी कार्ड आणि मोजायची टेप घेऊन ये. पडवीची लांबी मोजू, चोवीस फूट बसतात का बघू.