रजा की राजीनामा?

प्रश्न : वय ३८. खासगी कंपनीत कायम नोकरीला साडेचार वर्षं झाली. पार थकून गेलोय. राजीनामा देऊन वर्षभर थांबावं का? घराचा हप्ता चालू आहे.

उत्तर : घाई नको. ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षं सेवा लागते. तुम्ही काठावर आहात. आधी बिनपगारी रजा लेखी मागा. मंजूर रजेनं सेवेत खंड पडत नाही. राजीनाम्याबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. हप्त्यासह वर्षाचा खर्च गाठीशी नसेल, तर रजा सहाच महिन्यांची घ्या. त्याआधी साठलेली पंधरा दिवसांची हक्काची रजा घेऊन पाहा. परतताना हुरूप आला, तर तो थकवा होता. पोटात गोळा आला, तर रजा पुरणार नाही. नोकरीच बदलावी लागेल.