काठी धरू, चालू लागू

अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुका आहे. त्या तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर हे गाव आहे. नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. गाव लहान, पण नाव मोठे. हे रुक्मिणीचे माहेर, असे आपण सारे मानतो. विदर्भाचा राजा भीष्मक याची ही राजधानी होती, अशी कथा आहे.

दरवर्षी येथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. ही चाल चारशे वर्षांहून जुनी आहे, असे सांगतात. पालखीबरोबर माणसे पायी जातात. वाट पाचशे किलोमीटरांहून जास्त आहे. पोचायला महिन्याहून अधिक दिवस लागतात. यात तरुण असतात, तसे साठी-सत्तरीचे म्हातारेही असतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायाही असतात. म्हणजे चालणे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. ते आपल्या घरचेच आहे.

मग आज चालण्याचा धडा कशासाठी? कारण ते घरचे चालणे आता घरातून निघून चालले आहे. पूर्वी बाजाराला पायी जात. आता मोटारसायकल आहे, ऑटो आहे. सोय झाली हे चांगलेच झाले. पण पाय बसून राहिले. पाय बसले की वजन वाढते, दम लागतो, रक्तातली साखर वाढते.

आजीची गोष्ट

आम्ही कौंडण्यपूरला गेलो होतो. तेथे एका घरच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. वय सत्तरीच्या जवळ. आम्ही विचारले, "आजी, तुम्ही पालखीबरोबर कधी गेला होता का?"

आजींचा चेहरा खुलला. "गेली होती ना बाप्पा! तीनदा गेली. पायी गेली."

"आणि आता?"

"आता कायची जाते! पायात जीवच नाही रायला."

मग त्यांच्या नातीने सारी हकिकत सांगितली. दोन वर्षांमागे पावसाळ्यात आजी नदीच्या वाटेवर घसरल्या. हाड मोडले नाही. पण मनात भीती बसली. तेव्हापासून त्या घराबाहेर फारशा पडेनात. ओटा आणि खाट, खाट आणि ओटा. बसून बसून गुडघे आखडले. तपासणीत रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हटले, "आजी, रोज चालत जा." चालायला तर भीती वाटते. मग करावे काय?

नात म्हणाली, "मी म्हटलं, आजी, काठी घे. तं ऐकत नाही."

आजी लगेच म्हणाल्या, "काठी धरली का मानूस म्हातारा झाला. लोक पाहतेत, हासतेत."

मंडळी, ही गोष्ट एकट्या आजींची नाही. गावोगावी अशी माणसे आहेत. त्यांना चालायचे असते, पण पडायची भीती असते. काठीने ती भीती कमी होते, पण काठीची लाज वाटते. म्हणून आधी या लाजेचा विचार करू.

काठी म्हाताऱ्याचीच का?

गांधीजींची दांडीयात्रा आपण ऐकली आहे. १२ मार्च १९३० रोजी ते साबरमतीहून निघाले. हातात बांबूची काठी होती. वय साठ होते. २४ दिवसांत ते सुमारे ३८५ किलोमीटर चालले. पुढे १९३६ पासून ते आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहिले. तेथेही रोज फिरायला जाण्याचा नेम त्यांनी ठेवला. त्यांच्या काठीला कोण हसेल?

गाडगेबाबा तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. जन्म १८७६ चा. हातात काठी आणि खराटा घेऊन ते गावोगाव पायी हिंडले. काठी त्यांच्या हातातले साधन होते, दुबळेपणाची खूण नव्हे.

आता दूरच्या देशाची गोष्ट ऐका. युरोपच्या उत्तरेला फिनलंड नावाचा देश आहे. तेथे हिवाळ्यात चोहीकडे बर्फ असते. पायांना लांब पट्ट्या बांधून आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन लोक बर्फावरून घसरत जातात. तो त्यांचा मोठा खेळ आहे. पण उन्हाळ्यात बर्फ नसते. मग खेळाडूंनी सराव कसा करावा? ते नुसत्या काठ्या घेऊन जमिनीवरून चालू लागले. पुढे साध्या लोकांनाही ते आवडले. १९९७ च्या सुमारास या चालण्यासाठी खास काठ्या निघाल्या. त्याला 'नॉर्डिक वॉकिंग' असे नाव पडले. नॉर्डिक म्हणजे उत्तरेकडच्या देशांचे. आज अनेक देशांत तरुण आणि म्हातारे असे दोन काठ्या घेऊन फिरायला निघतात. कोणी कोणाला हसत नाही.

दोन काठ्यांनी काय होते? साध्या चालण्यात पाय काम करतात, हात नुसते हलतात. काठ्या घेतल्या की दंड, खांदे आणि पाठ हीही कामाला लागतात. त्यामुळे तेवढ्याच वेळात शरीराला व्यायाम जास्त होतो. दोन्हीकडे आधार असल्याने तोल सांभाळतो. माणूस वाकून न चालता ताठ चालतो.

काठी कशी असावी?

विकतच्या काठ्या महाग असतात. त्या नसल्या तरी अडत नाही. बांबूच्या दोन सरळ, हलक्या आणि मजबूत काठ्या घ्या. गाठी घासून गुळगुळीत करा. खाली रबरी टोपी बसवा, म्हणजे फरशीवर आणि डांबरी रस्त्यावर काठी घसरणार नाही. टोपी झिजली की बदला.

काठीची लांबी मापून घ्या. ताठ उभे राहा. काठी हातात धरून जमिनीवर टेकवा. कोपर काटकोनात वाकले पाहिजे. हिशेब करायचा तर उंचीला ०.६८ ने गुणा. उंची १५० सेंटिमीटर असेल, तर १५० × ०.६८ = १०२. म्हणजे हाताच्या पकडीपर्यंत काठी १०२ सेंटिमीटर हवी. एक-दोन सेंटिमीटर इकडे तिकडे झाले तरी चालते.

चालावे कसे?

१. मान वर, पाठ ताठ, खांदे सैल ठेवा. नजर पायाशी नको, पुढे दहा पावलांवर असू द्या.

२. उजवा पाय पुढे, तेव्हा डावा हात पुढे. डावा पाय पुढे, तेव्हा उजवा हात पुढे. आपण एरवी चालतो तसेच.

३. काठी पायाच्या पुढे दूर रोवू नका. तिचे टोक मागे झुकलेले ठेवा. टेकवून जमीन मागे ढकला.

४. मूठ घट्ट आवळू नका. हात दुखून येतील.

५. पहिली पाच मिनिटे हळू चाला. शेवटची पाच मिनिटेही हळू चाला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्यांचा एक गुडघा फार दुखतो आणि ज्यांना आधारासाठी एकच काठी हवी, त्यांनी ती दुखऱ्या बाजूला धरू नये. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. उजवा पाय टाकताना काठीही टेकवावी. म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार कमी होतो. पुष्कळ लोक नेमके उलट करतात.

किती चालावे?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत. भरभर चालणे हे मध्यम श्रम आहेत. रोज ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस. ३० × ५ = १५० झाले.

पण पहिल्याच दिवशी ३० मिनिटे नकोत. पहिला आठवडा १० मिनिटे, दुसरा १५, तिसरा २०, चौथा २५ आणि पाचवा ३०. सवय नसेल तर आणखी सावकाश वाढवा. वेग बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे? चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल, तर वेग कमी करा.

कोणी म्हणेल, "आम्ही दिवसभर शेतात राबतो. आम्हाला फिरणे कशाला?" खरे आहे. जो रोज अंगमेहनत करतो, त्याचा व्यायाम पुष्कळसा कामातच होतो. पण वावरातले काम बारा महिने सारखे नसते. दुकानात बसणारे, गाडी चालवणारे, घरी बसलेले म्हातारे यांचे तर पायच चालत नाहीत. त्यांच्यासाठी हा धडा आहे.

तीन ऋतू, तीन रीती

उन्हाळा: वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे आग. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सूर्य उगवायच्या आत फिरून या. संध्याकाळी जमीन निवल्यावर निघा. डोक्याला दुपट्टा बांधा. पाणी बरोबर घ्या. चालता चालता चक्कर आली, डोके दुखू लागले, मळमळले, तर लगेच सावलीत बसा. अंगावर ओले फडके फिरवा आणि घोट घोट पाणी प्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते प्यावे. चमचा चहाचा घ्या. साखरेच्या आजाराच्या माणसाने हे पाणी डॉक्टरांना विचारून घ्यावे. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी घालू नका. अंग गार करत करत त्याला दवाखान्यात न्या.

पावसाळा: आपली काळी माती पावसात पायाला धरते, आणि घसरवतेही. ओल्या पायवाटेने जाऊ नका. पक्क्या रस्त्याच्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाला. अंधारात विजेरी घ्या. गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटा. साप चावला तर कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. वीज कडाडू लागली तर झाडाखाली उभे राहू नका, पक्क्या घरात जा. आणि नदीचा भरवसा धरू नका. वर मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. त्याची दारे उघडली की आपल्याकडे पाऊस नसतानाही पाणी चढते. ज्या दिवशी बाहेर जाता येत नाही, त्या दिवशी ओसरीत फेऱ्या मारा.

हिवाळा: चालायला याहून चांगला काळ नाही. कापूस वेचणीला येतो, तुरी फुलतात, हवा कोरडी असते. पण फार पहाटे, कडक थंडीत, हृदयाच्या दुखणाइताने निघू नये. ऊन थोडे वर येऊ द्यावे. कान झाका. हिवाळ्यात तहान कमी लागते, म्हणून आठवणीने पाणी प्या. ज्याला सुरुवात करायची आहे, त्याने कार्तिकात करावी. चैत्रापर्यंत सवय होऊन जाते.

जपून असा

साखरेचा आजार असेल तर अनवाणी चालू नका. अशा माणसाच्या पायाची जाणीव कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळपाय पाहा. स्वतःला दिसत नसेल, तर घरच्यांना पाहायला सांगा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात गूळ-साखर ठेवावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर ती खावी.

छातीत दुखले, डावा हात भरून आला, तर थांबा. "चालून मोकळे होईल" असे म्हणू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिका येते.

आजींचे पुढे काय झाले?

नातीने बांबूच्या दोन काठ्या केल्या. पहिल्या दिवशी आजी अंगणातच फिरल्या. दुसऱ्या आठवड्यात गल्लीत आल्या. पोरे ओरडली, "आजी, दोन काठ्या घेऊन कोनावर चालली व?"

आजी म्हणाल्या, "तुह्या आजालेच सोधाले चालली. येतं का संगं?"

पोरे हसली, आजीही हसल्या. त्या दिवशी लाज गेली. पुढे शेजारच्या दोघी त्यांच्याबरोबर निघू लागल्या. सोबत असली की नेम मोडत नाही.

साखर गेली नाही. गोळ्या चालूच आहेत. गुडघाही कधी कधी दुखतो. पण आजी आता नळावर जातात, देवळात जातात, स्वतःच्या पायांनी जातात. यंदा पालखी निघाली, तेव्हा त्या पंढरपूरला गेल्या नाहीत. गावाच्या शिवेपर्यंत पालखीच्या मागे चालल्या. तेथे थांबून हात जोडले आणि चालतच घरी आल्या.

आम्ही विचारले, "आजी, वाईट वाटले का?"

त्या म्हणाल्या, "काहून वाटन? मागच्या साली ओट्यावरूनच पाहिली होती."

सांगा आणि करा

१. काठी किती लांब असावी हे कसे ठरवाल? तुमची उंची मोजा. ती १५५ सेंटिमीटर असेल, तर काठी किती लांब हवी?

२. डावा गुडघा दुखत असेल, तर काठी कोणत्या हातात धराल?

३. रोज २५ मिनिटे, आठवड्यातून ६ दिवस चाललात, तर किती मिनिटे झाली?

४. तुमच्या घरी किंवा शेजारी ओट्यावर बसून राहिलेले कोणी आहे का? उद्या त्यांच्याबरोबर दहा मिनिटे चाला. परत आल्यावर ते काय म्हणाले, ते चार ओळींत लिहा.