आभासी वास्तवाचे प्रकल्प : साधन कोणते निवडावे?

प्रकल्पाचा विषय निघताच विद्यार्थी आम्हांस विचारतात, "सर्वांत उत्तम सॉफ्टवेअर कोणते?" हा प्रश्नच उलटा आहे. सुतारास कोणी सर्वांत उत्तम हत्यार कोणते असे विचारीत नाही. पाट करावयाचा की पालखी, हे आधी सांगावे लागते.

गतवर्षी नववीच्या पाच मुलांनी खाजन शेतीच्या बांधावरील मानस आभासी वास्तवात दाखविण्याचे योजिले. मानशीचे लाकडी दार भरतीचे पाणी बाहेरून रेटून मिटविते आणि ओहोटीच्या वेळी आतील पाणी तेच दार लोटून नदीत जाते. हे मनुष्याच्या हाताविना घडते, एवढेच पाहणाऱ्यास बांधावर उभे राहून दिसावे, असा मुलांचा हेतू. आम्ही त्यांच्या हाती एक भारी, व्यावसायिक साधन दिले. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर ते उघडेपर्यंत अर्धी तासिका संपे! तीन आठवडे गेले. मुलांचा उत्साह मावळू लागला. दोष साधनाचा नव्हता, आमच्या निवडीचा होता.

आभासी वास्तवात प्रत्येक डोळ्यासाठी किंचित निराळे चित्र रेखाटावे लागते आणि मान वळताच तेही तत्काळ वळावे लागते. सेकंदास ९० चित्रे दाखवावयाची, तर एका चित्रास जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. चित्र मागे रेंगाळले की पाहणाऱ्यास घेरी येते. म्हणून देखावा जितका साधा, तितका तो सुसह्य.

दुसरा विचार उपकरणाचा. गूगलने २०१४ साली पुढे आणलेल्या पुठ्ठ्याच्या चष्म्यात फोन ठेवला की मानेचे वळणे तेवढे कळते; पाऊल पुढे टाकल्याचे कळत नाही. बांधावर एका जागी उभे राहणाऱ्यास तेवढे पुरे होते. तेव्हा आम्ही २०१५ साली मोझिलाने प्रसिद्ध केलेल्या ए-फ्रेमकडे वळलो. त्यात देखावा एचटीएमएलच्या खुणांनी लिहितात. एका ओळीत घन उभा राहतो आणि फोनच्या ब्राउझरमध्ये दिसतो. मात्र पान सुरक्षित पत्त्यावर ठेवावे, अन्यथा फोनची हालचाल ब्राउझरला कळत नाही. यात आमचे दोन दिवस गेले.

चालावयाचे, हातांनी वस्तू उचलावयाच्या असतील, तर खरा हेडसेट आणि युनिटी किंवा गोडो यांसारखे इंजिन हवे. युनिटीस सी-शार्प भाषा लागते व तिचे शिक्षणसाहित्य विपुल आहे. परंतु परवान्याच्या अटीही वाचाव्यात : युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रतिष्ठापनांवर शुल्क जाहीर केले व पुढल्या वर्षी ते मागे घेतले. शाळेच्या प्रकल्पास त्याची झळ क्वचितच लागती. तथापि वर्षानुवर्षे जपावयाचे काम असेल, तर गोडोचा मुक्त परवाना आम्हांस अधिक निर्धास्त वाटतो. त्याची जीडीस्क्रिप्ट भाषा पायथन शिकलेल्यास परकी वाटत नाही.

एका मुलाच्या फोनमध्ये मान वळल्याचे ओळखणारा जायरोस्कोपच नव्हता. त्याने बोटाने देखावा फिरवून आपल्या आजोबांस दाखविला. जन्मभर खाजनात राबलेले ते गृहस्थ पाहताक्षणी म्हणाले, दार उलटे उघडते आहे. ते नदीकडे उघडावयास हवे. मुलाने त्याच रात्री एक ओळ बदलली.