फेरी मोजताना शिकलेलं

सुरगाण्याकडच्या पाड्यांवर सर्वेक्षणासाठी बरीच वर्षं फिरले. एसटीची फेरी सुरू झाल्यावर लोकांच्या तब्येतीत काय फरक पडला, हे पाहायचं काम होतं. त्यात जे कळलं ते सांगते.

१. तिकिटांपासून सुरुवात करू नका. गाडी नाही म्हणून घरीच राहिलेली म्हातारी कंडक्टरच्या हिशेबात कधीच येत नाही. तिच्या ओट्यावर जाऊन बसावं आणि विचारावं, "मावशी, दुखत होतं पण दवाखान्यात गेला नाहीत, असं वर्षात किती वेळा झालं?"

२. किलोमीटरपेक्षा बुडालेला रोज मोजा. एका मावशींना बीपीच्या गोळ्या आणायला तालुक्याला जावं लागे. जीप भरेपर्यंत नाक्यावर ताटकळायचं. पोचेपर्यंत ओपीडी संपलेली आणि दिवसाचा रोजही बुडालेला. "एक दिवसाआड खाते ताई, म्हणजे जास्त दिवस पुरतात," त्या म्हणाल्या आणि घडी पडून फाटत आलेला केसपेपर पुढे केला. जून ते ऑक्टोबर एकही तारीख नव्हती. सकाळची गाडी सुरू झाल्यानंतरच्या केसपेपरवर दर महिन्याची तारीख होती, पावसाळ्यातलीसुद्धा. माझ्या लेखी आमच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा तो कागद मोठा पुरावा होता.

३. सगळं श्रेय गाडीला देऊ नका. त्याच सुमारास पाड्यावर नवीन आशाताई आली होती, त्यामुळे गाडी न पोचलेला शेजारचा पाडाही पाहावा लागला. अशा तुलनेचं एक उदाहरण बिहारचं. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. त्याचा परिणाम तपासताना कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या संशोधकांनी शेजारचं झारखंड तुलनेला घेतलं, तेव्हा मुलींची पटसंख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचं ठामपणे सांगता आलं.

४. वेळापत्रक वाचा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ही फार मोलाची गोष्ट. पण शाळा सुटण्याआधीच गाडी निघून गेली, तर शाळेचा पास असूनही पोरी चालतच घरी येतात. अंधार पडायला लागला की आईबाप शाळा बंद करतात.

५. एक रकाना मोकळा ठेवा. "गाडी झाल्यापासून कुठे कुठे गेलात?" असं एकीला विचारलं. मला दवाखाना, बाजार, बँक अशी उत्तरं अपेक्षित होती. ती म्हणाली, "बहिणीकडे. चार वर्षांनी भेटलो आम्ही." आमच्या प्रश्नावलीत त्यासाठी जागाच नव्हती. मी ते समासात लिहिलं.